पितृपक्षातली घरखरेदी

२० सप्टेंबर १९३४, गुरुवार
घरमालक उकंडराव आले. मुलाचं लग्न आहे, दसऱ्यापर्यंत घर खाली करा म्हणाले. वर चहा पिऊन गेले. सत्यभामाबाईंनी रात्रीपर्यंत थांबायचीही तसदी न घेता सांगितलं, अकरा वर्षांत चार बिऱ्हाडं झाली, पुढचं घर आपलं नसेल तर पोरींना घेऊन पिंपळगाव राजाला भावाकडे जाईन.
ठरलं. खामगावात घर घ्यायचं. पैसे पोस्टात आहेत, अक्कल घरात आहे.

२१ सप्टेंबर, सकाळी ६
स्कीम तयार. सोमवारपासून पितृपक्ष. पंधरा दिवस या गावात कोणी सुतळीचा तोडा घेत नाही. म्हणजे गिऱ्हाईक मी एकटा, भाव आपोआप पडणार. एवढी साधी गोष्ट साऱ्या खामगावाला सुचली नाही. नवल नाही. खामगाव मला माहीत आहे.
नियम एकच: घर आवडलं तरी तोंड वाकडं ठेवायचं.

२५ सप्टेंबर
कापसाच्या जिनिंगमधून लवकर निघालो. हेडक्लार्कला कोण विचारतो. पंजाबरावांचं घर. विषय काढताच ते म्हणाले, नारायणराव, पितरात घराची गोष्ट काऊन काढता, जेवा अन् जा. जेवलो. कढी बरी होती. घर पाहायचं राहिलं.

२७ सप्टेंबर
झुंबरबाईंचं घर. भिंत ठोकून पाहिली. बाई म्हणाल्या, माह्या सासऱ्याची तिथी आहे अन् तुम्ही भिंती ठोकून राह्यले. चार वडे वाढले. भिंत पोकळ. वडे भरीव.

२८ सप्टेंबर
रजा. ओवा. दोष स्कीममध्ये नाही, तेलात होता.

२ ऑक्टोबर, मंगळवार
सापडलं. भगवानरावांचं. पुढे तीन खोल्या, मागे दोन, ओसरी, गोड्या पाण्याची विहीर. त्यांना मोताळ्याला शेतीवर राहायला जायचंय, पण घर वडिलांनी बांधलेलं, म्हणून मन होत नाही. शुक्रवारी बाबाची तिथी आहे, ते झालं की सांगतो म्हणाले.
सत्यभामाबाई ओंजळभर पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्या तुळशीची जागा ठरवून मोकळ्या झाल्या. मी तोंड वाकडं ठेवलं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी ३
विजय.
भगवानरावांकडे पितर म्हणून जेवायला बसणारे किसनराव तापाने पडले. आपल्यातलाच वयस्कर माणूस लागतो, म्हणून मला धरलं. वडिलांच्या जागी पाटावर बसवलं, पाय धुतले, गंध लावलं. सारं घर पाया पडलं. जेवण अर्ध्यावर आलं तसे भगवानराव हात जोडून म्हणाले, बाबा, हे घर विकू काय?
आला सौद्यावर. माणूस अडला की कोणालाही बाबा म्हणतो. मी नियम सोडला नाही. खीर ओरपत म्हटलं, घाई काऊन करता, राहू द्या. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी. त्यांच्या रुखमाबाईही पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. भाव निम्म्यावर आला समजा.

६ ऑक्टोबर
सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं. हातातली पळी खाली ठेवून म्हणाल्या, तुम्हाले नाही विचारलं हो त्याइनं, बापाले विचारलं. अन् बाप नाही म्हणाला.
बायकांना व्यवहार कळत नाही.

९ ऑक्टोबर, घटस्थापना
आकडा ठरवून गेलो. भगवानराव म्हणाले, बाबानं राहू द्या म्हटलं, आता कोणी लाख देले तरी विकत नाही. मी म्हटलं, अहो, ते मी म्हटलं. ते म्हणाले, हाव, तुमच्याच तोंडून बोलले. मी शब्द मागे घेतो म्हटलं. म्हणाले, तुम्हाले कसा घेता येईन, ज्याचा त्यानं घ्यावा. आता ते पुढच्या पितरात येतीन.
स्कीम चुकली नाही. सोबत चुकीच्या माणसांची झाली.

१३ ऑक्टोबर
चार घरं पाहिली. नवरात्र लागताच सारं गाव घर घ्यायला निघालंय. भाव दीडपट. तोंड आता आपोआपच वाकडं राहतं.

१८ ऑक्टोबर, दसरा
सामान हललं. भगवानरावांच्या मागच्या दोन खोल्या, भाड्याने. ते मोताळ्याला जात नाहीत. भाडं उकंडरावांपेक्षा दीड रुपया जास्त. थोडं कमी करा म्हटलं. भगवानरावांनी वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि दोन महिन्यांचं आगाऊ मागितलं.