वँडल कोण होते?

८ जुलै २०२५
इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातली, कित्येक वर्षांनी झालेली पुस्तकांची पडताळणी संपली. कंबर मोडली. जुन्या विश्वकोशाची अकरा पानं ब्लेडने कापलेली! सेक्रेटरी शेखर लगेच म्हणाले, "किल्ली कोणापाशी रायते? शिपाई नत्थूपाशी. गुढियारी वस्तीतले लोक, अजून काय." मी ग्रंथपाल. बोलायला हवं होतं. चहा पीत बसलो.

९ जुलै
नोटीस लावली. आमचे वाचक सगळे मराठी, पण नोटीस इंग्रजीतच — वजन पडतं म्हणे. त्यात मुद्दाम केलेल्या नासधुशीसाठी 'वँडलिझम' घातलं. शेखर खूश.

१० जुलै
नात अबोली नोटीस वाचून आली. मराठी कळतं, बोलते हिंदीत. "आजोबा, ये वँडल थे कौन?" सांगता येईना. विश्वकोश उघडला, 'वँडल'पुढे 'रोम पाहा' एवढंच; आणि रोमची पानंच कापलेली. शेवटी फोनवर वाचलं.

वँडल म्हणजे जुनी एक जमात. सन ४५५ मध्ये चौदा दिवस रोम लुटलं — लुटलं खरंच. पण त्याआधी गॉथ नावाच्या दुसऱ्या जमातीनेही लुटलं होतं. पुढे तेराशे वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीत मोडतोड झाली. करणारे तिथलेच! एका धर्मगुरूने तिला 'वँडलिझम' म्हटलं, इंग्रजीने उचललं, आता शाळेतल्या पोरांच्याही तोंडी. उलट बोलायला तोवर एकही वँडल उरला नव्हता.

अबोली म्हणाली, "मतलब तोड़ा किसी और ने, नाम इनका?"

"हव," म्हटलं.

१२ जुलै
नत्थूला काढलं. बावीस वर्षं रोज वाचनालय उघडलं त्याने. बैठकीत एवढंच म्हणाला, "साहेब, मले वाचता येत नाही. पानं कापून करू काय मी?" बघत माझ्याकडे होता. मी रजिस्टरकडे. ठरावावर सही केली. लाज वाटते.

१३ जुलै
थकलोय. जेवण गेलं नाही.

१५ जुलै
अबोलीला आता रोमवर प्रोजेक्ट करायचाय. नमुना म्हणून बायकोने, मीनाक्षीने, माळ्यावरून आमच्या वेदांतची सातवीची फाइल काढून दिली. तेव्हाही प्रोजेक्ट मुलाचा आणि काम बापाचं. रोमची चित्रं, नीट कापून चिकटवलेली. मोजली — अकरा पानं. खाली नावं माझ्या अक्षरात. झेरॉक्स आणून पुस्तकात लावून टाकू, असं तेव्हा मनात म्हटलं होतं.

फाइलवर साल १९९८. नत्थू तेव्हा वाचनालयात लागलाही नव्हता.