तेलाचा तिसरा हात

२ तारीख, सकाळी ७.
आजपासून डेक. मागच्या दारचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, मीच घासणार, मीच तेल पाजणार, मीच वॉटरप्रूफ करणार. ही म्हणाली, सुताराला बोलवा. म्हटलं, कानाला पेन्सिल लावली म्हणून अक्कल येत नाही. विषय संपला.
कारण असं: सासऱ्यांचा गुडघा बदललाय. डॉक्टरांनी महिनाभर उन्हात, सपाट जागी चालायला सांगितलंय. वीस तारखेला ते स्वतः येऊन बघणार. डेक धड असेल तर मुक्काम आमच्याकडे, नाहीतर साडूकडे. साडूकडे फरशी आहे. फरशी काय, कोणीही बसवतं.
हिला वडील इथेच हवेत. तीनदा सांगून झालं. मी काय बहिरा आहे?

५ तारीख.
तासभर घासलं. मशीन भाड्याने देणारा म्हणाला होता, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासलं की लवकर उरकतं, हे त्याच्या बापालाही ठाऊक नसेल. अंगठ्यात कुसळ.

६ तारीख.
विश्रांती. अंगठा.

११ तारीख.
विश्रांती चालू. ही म्हणाली, अहो, तो अंगठा आहे की बाळंतीण? अपमान नोंदवून ठेवतोय.

१४ तारीख.
सगळा डेक घासून झाला. लेक म्हणाली, बाबा, मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतंय. पोरीला टेक्श्चर कळत नाही. शेजारी कुंपणावरून बघून हसला. त्याचं कुंपण वाकडं आहे. तसं तोंडावर सांगितलं. आता बोलत नाही. एक काम तरी तडीस गेलं.

१८ तारीख, दुपारी ३.
तेलाचा पहिला हात. डब्यावर लिहिलंय: पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्या, पुढच्या हातापूर्वी एक दिवस थांबा. कंपनीचा कावा! लावा आणि पुसा, म्हणजे डबे दुप्पट खपतात. पुसलं नाही.
५ वाजता. दुसरा हात.
६.३०. तिसरा हात. डबा संपला. डेक आरशासारखा चकाकतोय. साडूला फोटो पाठवला. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. जळला.

१९ तारीख.
अजून ओलसर. हवाच नालायक. हिचा हेअर ड्रायर लावला. तोही नालायक निघाला.

२० तारीख.
सासरे आले. दुसऱ्याच पावलाला चप्पल डेकवर राहिली, पाय पुढे गेला. काठी सोडली तरी जागेवर उभी. घसरायची भीतीच नाही, हे मी लगेच लक्षात आणून दिलं. सासरे एका पायावर, हिचा खांदा घट्ट धरून. म्हणाले, जावईबापू, मला चालायचंय, चिकटायचं नाही. त्यांना घेऊन आलेला साडू बाहेर गाडी चालू ठेवूनच बसला होता. मनातलं पाप, दुसरं काय!

२२ तारीख.
हिने परस्पर सुतार आणला. त्याने नख रुतवून पाहिलं. म्हणाला, वहिनी, लाकूड झकास आहे, खरवडून काढायचंय ते फक्त साहेबांचं काम. ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२४ तारीख.
ही वडिलांच्या सोबतीला साडूकडे. महिनाभर. लेकही गेली. सुताराला पुढच्या महिन्याशिवाय सवड नाही म्हणे. मिजास बघा.

२५ तारीख, दुपारी ४.
पाऊस. खिडकीतून तासभर पाहिलं. एक थेंब लाकडात जिरला नाही! शंभर टक्के वॉटरप्रूफ. हिला तातडीने फोन केला. लेकीने उचलला. म्हणाली, आई आजोबांना चालवतेय, नंतर करा.