मोकळं बोट

शनिवार, ११ डिसेंबर १९९९. पंचवटी

धरणाचं पाणी निवळलंय. उद्या हंगामातली पहिली बुडी, घोटीकडच्या त्या बुडालेल्या लाँचपाशी. गेल्या वर्षी तिच्या केबिनमध्ये गाळ उठला, बॅटरीचा उजेडही दिसेना. दोराला दोन झटके दिले, तेव्हा नावेत दोर धरून बसलेल्या बापूने वर ओढलं. घरी हे बोललेलो नाही.

थंड पाण्यात बोटं आकसतात, लग्नाची अंगठी निसटते. म्हणून आदल्या संध्याकाळीच साबण लावून काढतो. आज काढली, परत घातली, पुन्हा काढली. मग जातो कशाला मी?

हिने मोकळं बोट पाहिलं. "बापूंना ताप आहे ना? उद्या दोर मी धरते," म्हणाली आणि अंगठी स्वतःच्या अंगठ्यात चढवली.

आता दोन झटक्यांचा अर्थ तिला सांगावा लागेल.