मुठीतला गूळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार

प्रिय मुबशिरा,

सलाम. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. अब्बांचा खोकला नेहमीचाच आणि कुरकुरही नेहमीचीच. सोहेल पुण्यातच असतो, ईदला येतो आणि मोबाईल बघत बसून परत जातो. फोनवर मी कशी आहे ते तुला माहीत आहे. दोन वाक्यांत 'जेवलीस का' वर येते आणि सांगायचं ते घशातच राहतं. मेसेज लिहायला घेतला, तो सारखा पुसला. शेवटी शिलाई मशीनवरचे कपडे बाजूला सारले आणि कागद ठेवून बसले. बायडाबाईचा ब्लाउज आज द्यायचा होता, तो उद्या देईन. ती चार शब्द सुनावेल, ऐकून घेईन.

पत्र बत्ताशाबद्दल आहे. तो जिवंत आहे, आधी तेवढं वाच आणि मग पुढं वाच. आत्ता माझ्या पायाशी मशीनखाली बसला आहे. तू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आलीस ती या एवढ्याशा सशाला चपलांच्या खोक्यात घालून. अब्बा म्हणाले होते, "जैशिंगपूरास्नं सून आणली का सर्कस?" आणि आठवडा उलटायच्या आत तेच रंकाळ्याकडनं गवत उपटून आणायला लागले. तू कॉटवर पाय सोडून बसायचीस आणि हा एका उडीत तुझ्या मांडीवर. मी ओरडायचे की चादरीवर केस पडतात. खरं सांगू, मला चादरीचं काहीच नव्हतं. या घरात कुणी कुणाच्या मांडीवर असं बिनधास्त जाऊन बसत नाही, ते बघायला मला आवडायचं आणि कबूल करायला जमायचं नाही.

आता त्याला ती उडी येत नाही. कॉटपाशी येतो, वर बघतो आणि तिथंच आडवा होतो. त्याच्या मागच्या पायांना संधिवात झाला आहे. मला उशिरा कळलं. वय झालं, असं म्हणत राहिले, माझेही गुडघे वाजतात की. मग एकदा पाण्याकडे जाताना त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना घसरले, आणि त्याला उठताच येईना. मी सगळा राग फरशीवर काढला. अब्बांनी हौसेनं ती गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती, त्यांना नाही नाही ते बोलले. मग उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून जाडसर पट्टी शिवली आणि मशीनपासून पाण्यापर्यंत अंथरली. बायडाबाई म्हणाली, "भाभी, आमास्नी बसायला साधं पोतं न्हाय आणि सशाला गालिचा व्हय?" तिला हसून चहा दिला. त्या पट्टीवरून तो चालतो, पण दोन पावलं टाकली की थांबतो.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला मुलगा आहे, बत्ताशाशी आधी बोलतो आणि आपल्याशी नंतर. हाडांचे फोटो काढले. कंबरेचे आणि मणक्याचे सांधे झिजलेत म्हणाला. ससा दुखणं लपवतो, कारण रानात ज्याचं दुखणं दिसतं त्याला कुणीतरी खातं. बत्तासा हल्ली दात करकर वाजवायचा, तर मी अब्बांना सांगायचे, बघा, पोट भरलं म्हणून खूश आहे. डॉक्टर म्हणाला, एवढ्या जोरात वाजवतो तो कळ सोसवत नाही म्हणून. मुबशिरा, मी ते ऐकत शिलाई करत बसत होते. कधी कधी त्या आवाजावर हसले पण आहे.

मग डॉक्टरनं त्याला वजनाच्या काट्यावर ठेवलं आणि विचारलं, खायला काय घालता? मी म्हणाले, गवत. त्यानं काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, गवतच, कधी मेथीची काडी. अब्बा शेजारीच उभे होते. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाले, "व्हय, गवतच की. कोडोलीच्या गुऱ्हाळातलं गवत." इतक्या वर्षांत त्या माणसानं माझी चोरी एवढी अचूक पकडली नव्हती. मला रडू आलं, तर म्हणाले, "रडतीस कशाला, आत जाऊन खरं सांग जा." मी गेले आणि सांगितलं. तो मुलगा रागावला नाही. गोड खाऊन वजन वाढलं आणि त्या वजनाखाली सांधे लवकर गेले, एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

माझ्या भावाच्या, नईमच्या कोडोलीच्या गुऱ्हाळातून गुळाची ढेप येते, ते तुला माहीत आहे. पितळी डब्याचं झाकण काढलं की बत्तासा कुठूनही धावत यायचा. तू असताना मी त्याला चोरून तीळभर द्यायचे. तुला चालायचं नाही, तू मोबाईलवर वाचून मला सांगायचीस की सशाला गोड विष. मी म्हणायचे, कोल्हापुरात येऊन गूळ खायचा नाही म्हणजे काय. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण सशाला ती बरोबर कळते. तेव्हा ती थट्टा होती. तू गेल्यावर मात्र ती थट्टा राहिली नाही.

तुझं आणि सोहेलचं तुटलं, त्यात मी कुणाची बाजू घेतली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. बाजू न घेणं हीसुद्धा एक बाजू असते, ते जाऊ दे. तू बत्ताशाला न्यायला आलीस त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. तुझा भाऊ बाहेर रिक्षा थांबवून उभा होता आणि तू हातात टोपली घेऊन दारात. आत ये म्हणाले तर चप्पल काढावी की नाही, असा तू विचार केलास. या घरात तुला चपलेचा विचार करावा लागला, ते मला सोसलं नाही. तेव्हा मीच म्हणाले, मुका जीव आहे, त्यालाच ठरवू दे. तू त्या बाजूला बस, मी या बाजूला बसते, तो जिच्याकडे जाईल तिचा. तू लगेच तयार झालीस. तुला खात्री होती, आणि ती खरीच होती. तो आधी तुझ्याकडेच निघाला होता. अर्ध्यात आल्यावर मी मूठ जराशी सैल केली. तुझ्या टोपलीकडे बघत बघत मी चहाच्या निमित्तानं आत गेले होते ना, तेव्हाच गूळ मुठीत घेतला होता. तो थांबला, नाक हललं आणि वळला.

तू रडली नाहीस. टोपली उलटी करून तिच्यावर हात ठेवून बसलीस आणि म्हणालीस, "अम्मी, त्याला इथंच राहू दे. तुमच्याबिगर करमायचं न्हाय त्याला. मी येत जाईन की." मला तेच ऐकायचं होतं. ससा मला कशाला हवा होता गं. ससा राहिला तर तू येशील, एवढाच माझा हिशोब. तू आलीसही. कधी पेरू घेऊन, कधी शाळेत शिकवून परस्पर. तू येणार त्या सकाळी मी त्याला उपाशी ठेवायचे आणि तुझ्यासमोर गूळ द्यायचे, म्हणजे तो मला सोडणार नाही हे तुला दिसावं. मग तुझं येणं कमी झालं आणि थांबलं. मी तुला दोष देत नाही. ज्याला आपण नकोसे झालो, असं वाटतं, त्याला बघायला कोण किती दिवस येईल? आणि मी मात्र एकटी पडले की झाकण उघडत राहिले. तो आला की वाटायचं, घरात कुणीतरी आपल्या हाकेला येतं. ते पायांनी फेडलं त्यानं.

डबा आता बायडाबाईच्या घरी दिला आहे. रोज सकाळी बिनसुईच्या सिरिंजनं औषध पाजते, मागची बाजू कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसते आणि कोरडी करते, कारण त्याला स्वतःला वळून चाटता येत नाही. अब्बांनी प्लास्टिकच्या टोपाची एक बाजू कापून त्याची शौचाची जागा बुटकी केली. थोडं बरं आहे. पण परवा शेजारच्या बाईनं तिच्या स्वयंपाकघरात कसलंसं झाकण उघडलं, आणि हा मशीनखालून उठला. पट्टीवरून, थांबत थांबत, दात वाजवत, माझ्यापर्यंत आला आणि माझ्या बंद मुठीला नाक लावून उभा राहिला. मुठीत काही नव्हतं. मी मूठ उघडून दाखवली तरी तो किती तरी वेळ तिथंच होता. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काल डॉक्टर म्हणाला की पुढं दोन वाटा आहेत. एक, असंच रोज करत राहायचं, वजन हळूहळू उतरवायचं, मग काही चांगले महिने मिळतील. दुसरी, पाय अगदीच गेले आणि खाणं सुटलं तर इंजेक्शन देऊन त्याला सोडवायचं. कधी काय करायचं ते मालकानं ठरवावं. आणि त्यानं विचारलं, मालक कोण? अब्बा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, माझ्या सुनेचा आहे. म्हणून हे पत्र. बत्तासा माझ्याकडे कधी आलाच नव्हता, मुबशिरा, तो तुझ्याकडेच निघाला होता. येऊन त्याला घेऊन जा. टोपलीत बसायला मऊ गादी शिवून ठेवली आहे, औषध कसं पाजायचं ते दाखवीन. सोहेल इथं नाही, त्याची धास्ती नको. या वेळी मी दोन्ही हात उघडे ठेवून लांब बसेन, हवं तर आतल्या खोलीत. त्याला नेलंस की या घरात यायला तुला काही कारण उरणार नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच कळलं होतं. तरी ये, आणि येताना चपलेचा विचार करू नकोस.

आता मला अम्मी म्हणायचं की नाही ते तू ठरव, पण मी मात्र

तुझीच,
अम्मी