पहिला नग

जळगाव,
दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस

प्रिय नूतन,

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: तुझी आई ठणठणीत आहे, माझी साखर ताब्यात आहे आणि वर्कशॉपचं छप्पर जागेवर आहे. रविवारी आपण फोनवर अर्धा तास बोललो आणि त्यात मी भरिताच्या वांग्यांपलीकडे गेलो नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझी आई मागून डोळे वटारत होती. तर जे सांगायचं राहिलं ते आता लिहितो. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तुला माहीत आहे. लेथवर काम करावं तसा मी बाहेरून आत येतो.

मागच्या दिवाळीत आपल्याकडे तुमच्या कारखान्यातल्या विमानाचं काम आलं, तेव्हा एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांना वाटलं की सुकदेव मिस्तरी थापा मारतो. त्यांचंही चूक नाही. तीस वर्षं पाण्याच्या पंपांच्या बुशा करणारा माणूस एकदम नौदलाच्या जेट विमानाची बुश करतो म्हणजे काय! तू सुट्टीवर होतीस. गच्चीतली कपड्यांची दोरी ओट्यावर ताणून, झाऱ्याला आकडा बांधून तू आम्हाला समजावलंस. शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान, उतरायचं बोटीवर, जागा आपल्या गल्लीएवढी, शेपटाखालचा आकडा तारेत अडकला तरच ते थांबणार. आणि चाकं टेकली की वेग कमी करायचा नाही, उलट पुरा जोर द्यायचा, कारण आकडा हुकला तर लगेच पुन्हा उडता आलं पाहिजे. आपल्या वर्कशॉपातला झुलाल तेव्हा म्हणाला होता, "हाई ते बठ्ठं उलटंच शे." तो आकडा ज्या पिनेवर झुलतो तिच्याभोवतीचं धातूचं कडं, म्हणजे बुश, आपली. मुठीत मावते. पण ती झिजून अडली तर आकडा खाली येणार नाही, आणि आत दोन जण बसलेले असतील, एक शिकवणारा आणि एक शिकणारा.

तू तिथे तपासणी विभागात आहेस, पण बापाच्या वर्कशॉपचं काम आहे हे तू पहिल्याच दिवशी साहेबांना लिहून दिलंस आणि आपली पेटी आली की बाजूला होतेस. मला त्याचा फार अभिमान वाटला. तोंडावर कधी बोललो नाही, तो माझा जुना आजार.

आता कोनाड्याचं ऐक. नव्या कामाचा पहिला नग गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हळद-कुंकू लावून देवापुढे कोनाड्यात ठेवायचा, ही माझ्या वडिलांपासूनची पद्धत. तुमच्यासाठी मी नऊ नग कातले. पहिला देवाला, आठ तुम्हाला. ते आठ भट्टीतून कडक करून आणले, तर शेवटच्या घासणीत एकावर ओरखडा आला. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय. मी कोनाड्यातला नग उचलला, हळद धुतली, मोजला. केसाचा फरक नाही! नूतन, साठीनंतरही हात असा चालतो, एवढी फुशारकी मला मारू दे. देवाला म्हटलं, उसना घेतो. पेटी बंद केली, आणि कागदावर लिहिलं की आठही नग भट्टीतून गेले आहेत. खाली माझी झोकदार सही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करण्याआधी झुलाल कोनाडा पुसत होता. एकेक नग खाली उतरवता उतरवता त्यानं विचारलं, "आबा, इमानना नग कथा गया?" मी ऐटीत सांगितलं, विमानात गेला. त्याचा हात थांबला. म्हणाला, तो तर कच्चा होता, भट्टीची गाडी निघायच्या आदल्या दिवशी मीच इथे ठेवला. मी त्याच्यावरच ओरडलो. मग भट्टीवाल्याची चिठ्ठी शोधून काढली. आठ नग. त्यातला एक ओरखड्याचा माझ्याकडेच पडलेला. म्हणजे तुमच्या पेटीत सात पक्के आणि एक मऊ, मापाला आणि दिसायला अगदी सारखे. पंपाच्या बुशीला कधी भट्टी लागत नाही, त्यामुळे आपल्या कोनाड्यातला नग नेहमी पुराच असायचा. फक्त याच कामात तो अर्धा होता आणि मी जुन्या सवयीनं हात घातला. तुमच्याकडे मापं आठही नगांची घेतली, पण कडकपणाची परीक्षा एकाच नगाची झाली, आणि तो निघाला पक्क्यांपैकी. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले आणि मी आपट्याची पानं हातात धरून नुसता बसून होतो. मला भीती वाटली, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाची भीती वाटली.

आकड्याची चाचणी दिवाळीनंतर आहे आणि तपासणीनंतर सील केलेली पेटी अजून उघडलेली नाही, हे तू मागेच बोलली होतीस, म्हणून श्वास घेता आला. एक वाईट विचारही येऊन गेला, लपवत नाही: तुझ्या कानात सांगावं आणि तू गुपचूप नग बदलून घ्यावास. पण तू तसं करणार नाहीस. ते मला देवपूरपासून माहीत आहे. धुळ्याला, देवपुरात आत्याकडे राहून नववीत होतीस, गणिताच्या बाईंची बेरीज चुकली, तुला सात गुण जास्त पडले आणि पहिला नंबर आला. मी इकडे गल्लीभर पेढे वाटले. आठवड्यानं तुझं आंतरदेशीय आलं: आबा, मी बाईंना चूक दाखवली, आता माझा तिसरा नंबर आहे. मला एवढा राग आला की उत्तरच लिहिलं नाही. उखर्डू शिंपी तर महिनाभर मला विचारत होता, पेढा परत करायचा का म्हणून.

सोमवारी तुमचं ऑफिस उघडल्या उघडल्या मी तुझ्या साहेबांना लेखी कळवलं: पेटीत एक नग कच्चा आहे, चूक माझी, सही माझी, आठही पुन्हा तपासा. काम ठेवायचं की काढून घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. मला वाटतं ठेवतील, कारण हात अजून खोटा नाही. आणि नाही ठेवलं तर पंप कुठे पळालेत? तुला मात्र मुद्दाम आधी कळू दिलं नाही. बापानं लेकीला आधी सांगितलं होतं, असं तुझ्याबद्दल कुणी बोलायला नको. म्हणून रविवारी वांगी. हे पत्र मिळेल तोवर पेटी उघडली असेल, लोक कुजबुजले असतील. तू मान खाली घालू नकोस. फक्त एक कर. नाकारलेल्या नगाला तुम्ही लाल चिठ्ठी बांधता ना, साहेबांना विचारून तो नग चिठ्ठीसकट मला पाठव. कोनाड्यातली त्याची जागा मी रिकामी ठेवली आहे, आणि चिठ्ठी सोडणार नाही. बाकी, देवपूरहून आलेल्या तुझ्या त्या पत्राचं उत्तर बावीस वर्षं राहून गेलं होतं. ते हे.

तुझाच,
आबा