टीव्हीचं खोकं

मंगळवार, पार्सिपनी

रोज संध्याकाळी एक नको असलेली वस्तू घराबाहेर काढायची, ही सवय आता कुठे लागत होती. आज टीव्हीचं रिकामं खोकं रिसायकलिंगपाशी ठेवून आले. सुहास ऑफिसमधून आला तो तेच खोकं उचलून घेऊन.

"व्हिसा एक्स्टेन्शनचं अजून काही कळलं नाहीये. परत जावं लागलं तर टीव्ही कशात पॅक करणार?"

नवऱ्याचा आवाज असा बारीक झाला की मी अजूनच चिडते. "किती वर्षं या खोक्यांसोबत संसार करायचा, यार?"

खोकं परत क्लॉझेटमध्ये, माझ्या कोटांच्या डोक्यावर.

एवढी का भडकले मी? खोकं टाकताना आतलं थर्माकोल मीच काढून पलंगाखाली ठेवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.