मिशीवरचा फेस

१२ नोव्हेंबर १९९८

आज पुन्हा हे मिशीला दुधाचा फेस लावून घरी आले. निदान पुसून तरी यायचं!

कालच डॉक्टरांनी ह्यांच्या पायावर अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा भरेचना. म्हणाले, मधुमेह किडनीवर गेलाय, लघवीतून प्रथिनं जातायत. दूध, मटण, मीठ सगळं बेतानं. आणि आज हे सरळ दूधकट्ट्यावर! तिथं गिऱ्हाइकासाठी म्हशी बांधलेल्याच असतात; डोळ्यांसमोर म्हैस पिळून घेतली आणि दोन ग्लास उभ्या उभ्या रिचवले.

मी ओरडले, तर मलाच शिकवायला लागले. "ताकद लघवीतनं गळत्या म्हनाला न्हवं डॉक्टर? मग गळत्या तेवढी वरनं भराय नको व्हय? आनि साखरंचा एक कण घातला न्हाई, इचार की कट्ट्यावर कुनालाबी!"

कुस्ती सुटून जमाना झाला, डोकं अजून तालमीतच. मी चिडून भाजी घेऊन आत गेले. विळी बाहेर सोप्यातच राहिली म्हणून परत आले, तर हे पायजमा वर ओढून स्वतःच नडगीवर अंगठा दाबत होते. अंगठा काढला आणि त्या खड्ड्याकडे बघत बसले, भरतोय का म्हणून. मिशीवर फेस तसाच.

मी दिसल्याबरोबर पायजमा खाली. "डास चावला," म्हणे.

म्हणजे कळलंय ह्यांना. सगळं कळलंय. मग उद्या मी ओरडू कशी?